खाकी कागदाचे मासे

मासेवाली मावशी म्हटल्याबरोबर तुमच्या डोक्यात काय आलं ते मी इथं बसून सांगतो. डोक्यावर पाटी, कपाळाला ठसठशीत कुंकू, समोर कोयती आणि लांबून ऐकू येईल अशी हाक. आलं ना? पुसून टाका. यमूमावशीने आयुष्यात एकही मासा कापून विकला नाही. तिचे मासे काचेच्या टाकीत फिरायचे. आणि "विकला" हा शब्दसुद्धा मी सवयीने वापरतोय. दहा गिऱ्हाइकं आली तर त्यातली सात ती हाकलून द्यायची.

दुसरं म्हणजे, असल्या लेखात शेवटी माणूस जातो आणि लिहिणारा चष्मा पुसतो, हे पण तुम्ही धरून चालला असाल. मला चष्मा नाही आणि मावशी ठणठणीत आहे. निराशा झाली असेल तर आत्ताच पान उलटा.

पनवेलला आमच्या शाळेच्या इमारतीला रस्त्याच्या बाजूने सहा गाळे आहेत. मालक शाळेचीच संस्था. तिसरा गाळा माझा, मोबाईलची कव्हरं आणि स्क्रीनगार्ड. दुसरा मावशीचा. तिच्या बोर्डावर अजूनही "यमुना टेलर्स, शालेय गणवेश" असं होतं आणि खाली पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेलं: "मासे मिळतील. माप बघून."

मावशी मूळची खाडीकाठच्या कोळ्यांची, लग्न होऊन पनवेलला आली ती शिंप्याच्या मशीनवर. सासऱ्यांनी शाळेचे गणवेश शिवले, मग तिने शिवले. आख्ख्या गावाच्या पोरांची मापं तिच्या वहीत. तिची एकच खोड होती. पोरगं आज केवढं आहे, याच्याशी तिला काही घेणंदेणं नसायचं. ती पोराकडे बघायची, मग त्याच्या बापाच्या खांद्याकडे बघायची, मग आईच्या पावलांकडे, आणि आत भरपूर कापड दुमडून ठेवायची. माझी पाचवीची पँट मी सातवीपर्यंत घातली. पहिल्या दिवशी मी भोकाड पसरलं होतं, "मावशी, ढगळ आहे!"

"पँट ढगळ नाय," ती म्हणाली. "तू अजून यायचा हायस."

नंतर शाळेने तयार गणवेश आणायला सुरुवात केली. मशीन थंड पडलं. त्याच सुमाराला समोरच्या इमारतीतले बेने इस्रायल कुटुंबातले काका मुलाकडे इस्रायलला कायमचे निघाले आणि जाताना आपल्या चार टाक्या मावशीकडे देऊन गेले. त्यात ऑस्कर नावाचा एक मासा होता, बोटाएवढा. मावशीने काय करावं? गळ्यातला टेप काढला आणि काचेवरून त्याचं माप घेतलं. पुढच्या रविवारी परत घेतलं. त्याच्या पुढच्या रविवारी परत. चहा घेऊन गेलो की मला दाखवायची, "बघ, अर्धं बोट अजून. तुझ्यापेक्षा बरा हाय, पोपट. खाल्लेलं अंगाला लागतं."

पोपट म्हणजे मी. नकला करतो म्हणून. मी गणपतीत नकला करतो, लग्नात करतो, बँकेच्या रांगेत करतो. मावशीची पण करतो, पण तिच्या माघारी.

वर्ष उलटून गेलं आणि तो ऑस्कर फुटाच्या पुढे गेला. तिथून मावशीला वेडच लागलं. ऑस्करच्या जातकुळीला सिक्लिड म्हणतात; ज्याच्याकडे मोठा झालेला सिक्लिड असेल त्याच्या घरी जायची, टेप काढायची, माप वहीत टिपायची. पोरांची मापं जिथं संपली होती त्याच्या पुढच्या पानापासून माशांची सुरू. आणि जे मासे पनवेलमध्ये बघायला मिळत नाहीत त्यांचं काय? त्यांचे फोटो माझ्या मोबाईलवर बघायची. कुठला तरी गोरा माणूस दोन्ही हातांत भलामोठा मासा धरून उभा असतो ना, तसले. मावशी मासा बघायचीच नाही. ती त्या माणसाचा शर्ट बघायची.

"चाळीसचा शर्ट हाय. म्हणजे खांदा अठराचा. आता मोज, मासा खांद्याच्या किती बाहेर गेलाय."

अशा हिशोबाने तिने पीकॉक बास नावाच्या माशाचं माप काढलं होतं, पुरते तीन फूट. मी नंतर गुगलवर बघितलं. तीन फूटच. मी काही बोललो नाही, कारण मग ती मला आठवडाभर बोलू देत नाही.

आता तिची पद्धत सांगतो. शिंपी लोक कापड कापायच्या आधी खाकी कागदाचा नमुना कापतात, त्याला फर्मा म्हणतात. मावशीने प्रत्येक माशाचा फर्मा कापून ठेवला होता. आजच्या मापाचा नाही, पूर्ण वाढीच्या मापाचा. गिऱ्हाईक आलं, "मावशी, तो बारका ऑस्कर द्या" म्हणालं की ती मासा द्यायचीच नाही. फुटावर दोन बोटं जास्त असा खाकी कागदाचा मासा द्यायची.

"हा घेऊन घरी जा. टाकीला लाव. आठ दिवस बघ. कागद टाकीत सुखाने वळला तर ये, मासा देते. नाय वळला तर कागद परत आण, मला कागद लागतो."

बरेच जण कागद घेऊन जायचे आणि यायचेच नाहीत. निम्म्या पनवेलच्या कपाटात खाकी मासे पडलेले असतील.

एकदा कळंबोलीहून एक पोरगा आला. वडिलांचा लोखंडाचा धंदा, हातात कडं, बुलेट. म्हणाला, "मावशी, सिक्लिडमध्ये सगळ्यात मोठा कोणता? तो द्या. मित्रांना दाखवायचाय."

मावशी खूश झाली. इतका सरळ प्रश्न तिला कुणी विचारत नसे. तिने स्टुलावर बसवून त्याला सगळं खानदान सांगितलं. हा रॅम, अडीच इंचात आटपतो. हा कन्व्हिक्ट, चार-पाच इंच, पण भांडखोर. एंजल सहा इंच, पण याला लांबीने मोजू नको, हा उभा वाढतो, खोल टाकी लागते. फ्लॉवरहॉर्न फूटभर. बाजारात चिलापी मिळते ना, ती पण यांचीच बहीण, मोकळं पाणी मिळालं तर दीड-दोन फूट जाते. वुल्फ सिक्लिड अडीच फूट. आणि पीकॉक बास तीन फूट.

"एकाच घरातले हायत सगळे," ती म्हणाली. "जसा माझा एक दीर दारातून वाकून येतो नि एक दीर स्टुलावर चढून देवाला दिवा लावतो."

पोराने वुल्फ मागितला. मावशीने अडीच फुटांचा फर्मा त्याच्या पाठीला दोन पिनांनी टाचला, हातात धरून बुलेट कशी चालवणार म्हणून. तो तसाच बाजारातून गेला. शाळेची पोरं मागून पळत होती. आठ दिवसांनी कागद परत घेऊन आला. "मावशी, सगळ्यात लहान कोणता?"

तिने त्याला शंखात राहणारे सिक्लिड दिले. दीड-दोन इंचाचा मासा, रिकाम्या शंखात संसार करतो, आणि जवळ बोट नेलं तर अंगावर धावून येतो. त्याने मूठभर शंख आणि सहा मासे नेले. आजही तो मला त्यांचे व्हिडिओ पाठवतो. मित्र बघायला रांग लावतात म्हणे.

फ्लॉवरहॉर्नवाले वेगळे. ते नशिबासाठी येतात. एका एस्टेट एजंटाला कुणी तरी सांगितलेलं की दुकानात हा मासा ठेवला की भरभराट होते. त्याची टाकी म्हणजे बरणीचा मोठा भाऊ.

"मावशी, याने नशीब वाढतं ना?"

"नशिबाचं माहीत नाय. मासा फूटभर वाढतो. तुझ्या टाकीत दोघंपण मावणार नायत."

आणि ती दाताची गोष्ट. दाढ ठणकली म्हणून मावशी दवाखान्यात गेली. बसायच्या खोलीत गोल भांड्यात एक ऑस्कर होता. दोन वर्षांचा, पण जेमतेम पाच इंच. डोळे मोठ्या माशाचे, अंग लहान माशाचं, आणि पाठीचा कणा मधेच वाकलेला. मावशीचा नंबर आला. आत गेली, खुर्चीवर बसलीच नाही. डॉक्टरांना म्हणाली, "दाढ नंतर बघू. आधी तो बाहेरचा द्या." अर्ध्या तासाने ती परत आली. हातात पिशवी, पिशवीत पाणी, पाण्यात मासा. दाढ जागच्या जागी. तीन दिवस गाल सुजवून बसली होती, पण त्या माशाला चार फुटांची टाकी मोकळी करून दिली. नाव ठेवलं डॉक्टर. तो पुढे वाढला, पण सरळ झाला नाही. कुणी "मासा टाकीच्या मापानेच वाढतो हो" म्हणालं की मावशी त्याला थेट डॉक्टरसमोर उभं करायची.

हे वाक्य तुम्हीपण म्हणाला असाल. अर्धं गाव म्हणतं. आणि आमच्या संस्थेचे साहेबही म्हणाले, तिथून पुढचं सगळं घडलं.

साहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. त्यांचा एक आवडता शब्द, शिस्त. घसा खाकरून, मान वर करून म्हणायचे: "अंऽऽ... शिस्त!" सातवीपासून मी त्यांची नक्कल करतोय, डोळे मिटून ऐकलं तर फरक कळणार नाही. साहेबांनी शाळेच्या दर्शनी दालनात माशांची टाकी बसवायची ठरवली. अडीच फुटांची टाकी, मागे निळा कागद, आणि कुठून तरी आणलेले बारा ऑस्कर. प्रत्येक दोन इंचाचा. दिसायला इतके गोंडस की बाईसुद्धा काचेला नाक लावून उभ्या राहायच्या.

उद्घाटनाच्या आधी साहेब स्वतः मावशीच्या गाळ्यात आले. तिचा करार त्याच महिन्यात संपत होता. साहेब म्हणाले, "यमुनाबाई, टाकीची देखभाल तुम्ही करा. तुमचा आम्ही सत्कारपण करतोय. गाळ्याचं काय, ते आपण घरातल्या घरात बघून घेऊ."

मावशीने विचारलं, "टाकी बदलणार काय?"

"टाकीला काय झालंय? मासा टाकीच्या मापाने वाढतो."

ते गेल्यावर मी तिला म्हणालो, "मावशी, हो म्हणून टाक. गाळा राहील. मासे काय तुझे आहेत का?"

"मासे नायत माझे," ती म्हणाली. "माप माझं हाय." आणि कात्री घेऊन बसली.

कार्यक्रम सकाळचा, प्रार्थना झाल्यावर. चारशे पोरं ओळीत. माइक माझ्याकडे, कारण माजी विद्यार्थी आणि विनोदी माणूस. साहेबांनी मावशीला शाल घातली, नारळ दिला. मी म्हटलं, "यमुनाबाई दोन शब्द बोलतील." तिने नारळ माझ्या हातात दिला, शाल दुसऱ्या हातात दिली आणि पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली. खाकी मासे. बारा.

एक कागद पाण्यात बुडवला, टाकीच्या काचेवर चिकटवला. मग दुसरा. मग तिसरा. कुणाला काही कळेना. सहा कागदांत काच भरली. आतले मासे दिसेनासे झाले. मावशीच्या हातात सहा उरले.

ती पोरांकडे वळली. "आतमधल्या माशांचा हा गणवेश हाय. दीड वर्षानंतरचा. आता हे सहा कुठं लावू, सांगा."

साहेब हसून म्हणाले, "यमुनाबाई, मुलांना चुकीचं सांगू नका. मासा टाकीच्या मापाने वाढतो."

"साहेब, तुमची पाचवीची पँट माझ्या सासऱ्याने शिवलेली. सहावीत ती तोकडी झाली. तुमी वाढायचे थांबलात काय?"

पोरं खिदळली. साहेबांचे कान लाल. मावशी मात्र हसत नव्हती. म्हणाली, "जागा कमी पडली की मासा मापात राहत नाय. वाकतो. वाकडा झालेला एक माझ्याकडे हाय, ज्याला बघायचाय त्याने मधल्या सुट्टीत यावं."

मग पुढच्या ओळीतली एक मुलगी, सहावीतली असेल, हात वर करून उभी राहिली. "सर, मग हे वळणार कसे?"

कुणीच बोललं नाही. मास्तर गप, बाई गप. चारशे पोरं गप. सगळे साहेबांकडे बघतायत. साहेबांनी तोंड उघडलं.

आता माझी चूक ऐका. माइक हातात असला की मला शांतता सहन होत नाही. घशाशी काही तरी येतं आणि बाहेर पडतं. मी घसा खाकरला, मान वर केली आणि माइकवर हुबेहूब साहेबांच्या आवाजात म्हणालो, "अंऽऽ... शिस्त! माशांनो, एकेकाने, रांगेत वळा!"

छप्पर उडालं. पोरं लोळली, बाईंनी पदर तोंडाला लावला, शिपाई खांबाला धरून हसला. आणि साहेब? साहेब सगळ्यात मोठ्याने हसले. माझ्या पाठीवर थाप मारली, "वा! कलाकार आहे!" म्हणाले, हसत हसत फीत कापली, आणि पोरं रांगेने वर्गात गेली. शिपायाने कागद ओले होते तोवर काढून टाकले.

त्या आठवड्यात आम्हा दोघांनाही संस्थेकडून निरोप आला. मला स्नेहसंमेलनात नकला करायचं आमंत्रण. मावशीला महिनाअखेर गाळा खाली करायचं पत्र.

मावशीने पत्र घडी करून ब्लाउजात ठेवलं आणि थेट ऑफिसात गेली. आत काय झालं ते मला शिपायाने सांगितलं. ती बसली नाही. म्हणाली, "महिनाअखेर कशाला? परवा खाली करते. किल्ली हातात देते. पण ते बारा मासे माझ्याबरोबर येतील."

"मासे शाळेचे आहेत."

"गाळापण शाळेचाच हाय. तो घ्या, ते द्या. नायतर मी महिनाभर राहीन, नि रोज सकाळी एक कागद शाळेच्या फाटकावर लावीन."

तोपर्यंत टाकीत मारामाऱ्या सुरू झाल्या होत्या, दोघांच्या शेपट्या फाटल्या होत्या, पाणी गढूळ झालं होतं आणि पाणी बदलायला कुणी तयार नव्हतं. साहेबांनी मान डोलावली. इतक्या वर्षांचा गाळा मावशीने दोन-दोन इंचांच्या बारा माशांना दिला.

शिरढोणला तिच्या भावाच्या घरामागे सिमेंटचा मोठा हौद आहे, आठ फुटांचा. तिकडे जायचं ठरलं. टेम्पो आला. मशीन चढलं, टाक्या चढल्या, डॉक्टर वेगळ्या पिंपात चढला. उद्घाटनानंतर मावशी माझ्याशी चार शब्दसुद्धा बोलली नव्हती. मला वाटलं, गाळा सुटतोय म्हणून मन लागत नसेल. म्हणून वातावरण जरा हलकं करावं, तर बारा माशांची बादली उचलता उचलता मी घसा खाकरला. "अंऽऽ... शिस्त! माशांनो—"

"बंद कर."

तिने माझ्या हातातून बादली काढून खाली ठेवली. सावकाश, पाणी न हलवता.

"त्या पोरीने विचारलं, वळणार कसे. ऐकलं होतंस?"

"ऐकलं."

"साहेबाने तोंड उघडलेलं. बघितलंस?"

"बघितलं."

"काय बोलणार होता?"

"मला काय माहीत, मावशी."

"मलापण नाय माहीत! आता कधी कळणारपण नाय. चारशे पोरं गप होती, मेल्या. चारशे! मास्तर घसा फोडतात तेव्हा गप होत नायत, ती कागद बघून गप झाली होती. अजून जरा तशीच राहिली असती तर त्याला उत्तर द्यायला लागलं असतं. तिथंच. पोरांसमोर. हो म्हणाला असता, नाय म्हणाला असता, मला हाकलून दिलं असतं, पण उत्तर दिलं असतं! तू त्याला हसायला जागा दिलीस. तो हसला नि सुटला. आणि मी कोण झाले? कार्यक्रमातली गंमत झाले. कागद चिकटवणारी बाई."

"मला वाटलं तू अडकलीस, म्हणून मी आपलं—"

"मी अडकले? मी?" तिचा आवाज रस्त्यापलीकडे गेला असेल. पानवाला बाहेर येऊन बघायला लागला. "अडकला होता तो! इतक्या वर्षांत पहिल्यांदा अडकला होता, नि तू येऊन त्याला सोडवलास! माझा गाळा त्याने नाय घेतला, पोपट. तू दिलास. वर थाप खाल्लीस पाठीवर, कलाकार म्हणून. जा, कर त्याच्या संमेलनात नकला!"

"नाही जाणार."

"जाऊ नको नि काय! जा नि गप उभा राहा पाच मिनिटं माइकसमोर. बघू जमतं काय. तुला सगळ्यांचे आवाज काढता येतात, गप बसता येत नाय. घोडा झालास, पण तेवढं अंगाला लागलं नाय तुझ्या. आता उभा काय राहिलास? बादली घे. मांडीवर धर. हलली तर बघ. आणि शिरढोण येईपर्यंत एक शब्द जरी तोंडातून काढलास तर वाटेत पळस्प्याला उतरवीन."

मी बादली मांडीवर घेऊन बसलो. टेम्पो सुरू झाला. ती पुढून मागे वळून बघत होती.

"आणि हसतोस काय?"

मी हसत नव्हतो. पण बोलायला बंदी होती, त्यामुळे तिला सांगता आलं नाही.